भुईकाट्यावरची शिंगरी

माझ्या हातचं खाऊन कुणी वाळलं, असं आजवर झालेलं नाही. हे मी फुशारकीनंच सांगते. कोरेगावाजवळचं माहेर सोडून कुंडलच्या बाजूला सून म्हणून आले, तेव्हा धाकटा दीर इतका बारीक होता की त्याचा सदरा दोरीवर वाळत घातल्यासारखा अंगावर लोंबायचा. दोन वर्षं त्यानं माझ्या तव्यावरची भाकरी खाल्ली आणि सैन्यभरतीत पहिल्याच खेपेला छातीच्या मापात बसला. बातमी आली त्या दिवशी सासूबाईंनी सगळ्यांसमोर माझं मनगट धरून सांगितलं होतं, "ह्यो हात भरतीला उतरलाय." इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. म्हशीच्या रेडकापासून पाहुण्यांच्या पोरांपर्यंत सगळ्यांना मी तसंच घातलं. ताटावर बसलेल्यानं नको म्हणायचं आणि मी वाढायचं, ही आमच्या घरची रीत. तीनदा म्हटल्याशिवाय कुणाचं 'नको' मी धरतच नाही.

सासरे तर कधी नको म्हणालेच नाहीत. त्यांना आम्ही मामा म्हणतो. ते जुने पैलवान. तरुणपणी आसपासच्या मैदानांत त्यांची कुस्ती लागली की लोक जेवणं टाकून जायचे, असं म्हातारी माणसं अजून सांगतात. तिशीत त्यांची कुस्ती सुटली, पण खुराक सुटला नाही. दूध, तूप, खपली गव्हाची खीर, रोज सकाळी उगाळलेले बदाम. सासूबाई होत्या तोवर त्यांनी घातलं, त्या गेल्यावर मी. आता मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. अंगानं अजून भारी, पण दोन्ही गुडघे कामातून गेलेत. सोप्यातल्या बाजेवरून काठी टेकत दारापर्यंत येतात, तेवढंच त्यांचं फिरणं. गुडघे कुस्तीत गेले, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

घोड्याची हौस त्यांचीच. "बैल झालं, म्हशी झाल्या, आता एकदा घोडं बघू दे दारात," असं ते किती तरी वर्षं म्हणत होते. माझा नवरा सैन्यातून निवृत्त होऊन पुण्यात नोकरी करतो. गेल्या दिवाळीला तो घरी आला आणि वडिलांची हौस पुरी करायचीच म्हणून फलटणकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून शिंगरी घेऊन आला. सात महिन्यांची, आईपासून नुकती तोडलेली. टेम्पोतून उतरली तेव्हा तिचे पाय थरथरत होते. रंगानं बदामी, कान टोकाला एकमेकांकडं वळलेले, आणि बरगड्या लांबून मोजता येतील अशा. तिला बघून मामा बाजेवरून उठले आणि काठी न घेताच दोन पावलं चालले. मी बघितलं ते फक्त बरगड्यांकडं. नवऱ्याला म्हणाले, "हिचं मी बघते. तुम्ही जावा निवांत पुण्याला."

आता खरं सांगायचं, तर घोड्याच्या पोराला काय घालतात हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. पण पैलवानाला काय घालतात, हे या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. त्यामुळं विचार करण्यात एक दिवसही वाया गेला नाही. सकाळी पातेलंभर भिजवलेले हरभरे, त्यात गुळाचा खडा. दुपारी मक्याचा भरडा आणि गव्हाचा कोंडा. वाफ्यातला लसूणघास रोज ताजा कापून. कारखान्याचं गळीत सुरू होतं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाडं कुणीही येता-जाता टाकून जायचं. संध्याकाळी म्हशीचं तांब्याभर दूध. ते प्यायला तिला आठ दिवस लागले, पण मीही माघार घेतली नाही. मामा स्वतःच्या वाटीतले चार बदाम तिच्यासाठी काढून ठेवायचे आणि तळहातावरून भरवायचे.

होळीपर्यंत शिंगरीचं रूपच बदललं. अंगावर बसलेली माशी घसरावी अशी कातडी झाली. मान गोल, पुठ्ठे भरलेले. रस्त्यावरून जाणारे मोटारसायकल थांबवून बघायचे. तालमीतले पैलवान यायचे, तिच्या पाठीवर थाप मारायचे आणि मला म्हणायचे, "वैनी, आमालाबी ठेवून घ्या की चार म्हयनं." मी वरवर त्यांना रागवायची आणि आत जाऊन मोठं पातेलं चुलीवर चढवायची. इतकी खूश मी दिराच्या भरतीनंतर पहिल्यांदाच झाले होते.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट सुरू झाली. तेव्हा ती मला गोष्टसुद्धा वाटली नाही. आमच्याकडं तव्यावरची पहिली भाकरी गाईची. तिला गाईचा घास म्हणतात, आणि तो दिल्याशिवाय घरातलं कुणी पानावर बसत नाही. पण आता आमच्या गल्लीत गाय कुठं राहिलीय. सगळी जनावरं मळ्यातल्या शेडमध्ये गेली. बाया ती भाकरी कुत्र्याला टाकायच्या आणि दिवसभर हळहळायच्या. एकदा शेजारच्या काकू ती भाकरी हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मीच म्हणाले, "काकू, आमच्या शिंगरीला घाला की. तिच्यातबी देवच हाय." काकूंनी घातली. मग मीही आमच्या घरची पहिली भाकरी तिलाच द्यायला लागले, वर गुळाचा खडा ठेवून.

पाडवा झाला आणि दोन-चार दिवसांत शिंगरी पुढचे पाय आलटून पालटून उचलायला लागली. एक टेकायची, दुसरा सैल सोडायची. बघितलं तर पुढच्या दोन्ही पायांच्या खालच्या सांध्यावर सूज. हात लावला तर गरम. काटा बोचला असेल म्हणून खूर बघितले, हळद लावली. काही फरक पडेना, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरला फोन केला.

डॉक्टर म्हणून आली ती तिशीच्या आतली मुलगी. पायांत गमबूट, केस घट्ट बांधलेले. तिनं सूज दाबून बघितली, मानेवरची चरबी मुठीत धरून बघितली आणि मला विचारलं, "हिला काय काय घालता?" मी सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढत गेला असणार, कारण मला वाटलं आता ती शाबासकी देईल. ती म्हणाली, "काकू, ही एक वर्षाची आहे. हिची हाडं अजून कच्ची आहेत. त्यांच्यावर तुम्ही तीन वर्षांच्या घोडीचं अंग चढवलंय."

मग तिनं माझा हात धरला आणि शिंगरीच्या कुशीवर दाबून ठेवला. "बरगडी लागते का हाताला?"

"न्हाई."

"लागायला पाहिजे. डोळ्यांना दिसू नये, पण हाताला लागली पाहिजे." पुढं तिनं नीट समजावून सांगितलं. वजन उतरवायचं नाही, आहे तिथं थांबवायचं. शिंगरी उंच होत राहील, अंग तेवढंच राहील, आणि पायांवरचा भार आपोआप बेताचा होईल. बैलांचा बेंदूर येईपर्यंत, म्हणजे तीनेक महिन्यांत, सूज बसली तर पाय सरळ राहतील. नाही बसली तर सांधे वाकडे होतील आणि ही जन्मभर लंगडेल. "उपाशी ठेवायचं नाही. पण यापुढं तुमच्या मनानं काही घालायचं नाही," असं म्हणून तिनं कागदावर लिहून दिलं. वाळलेलं गवत, थोडा कडबा, दोन मुठी हरभरे, खनिजाची पूड, चाटायला मिठाचा खडा. दूध, गूळ, भरडा, बदाम आणि वाडं बंद. रोज मऊ मातीवरून सावकाश चालवायचं, पळवायचं नाही.

मला राग आला. कालची पोरगी, आणि माझ्या हाताला नावं ठेवते. डॉक्टर गेल्यावर मी मामांना तसं म्हणालेसुद्धा. ते शिंगरीकडं बघत होते. तिनं डावा पाय उचलला, थोड्या वेळानं टेकला, उजवा उचलला. मामांचा हात त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यावर होता. मग मी कागदावरचं गवत आणायला निघाले.

वजन थांबलं की नाही हे कळायचं कसं? उसाच्या मुलखात हा प्रश्न कुणाला पडत नाही. रस्त्याला लागून भुईकाटा आहे, ट्रॅक्टर-ट्रॉली अख्खी वर चढते. पहिल्या रविवारी मी शिंगरीला तिथं घेऊन गेले. लोखंडी पाट्यावर खूर वाजला की ती बिचकायची. शेवटी पाट्यावर गवत पसरलं तेव्हा चढली. काट्यावरचा माणूस खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "वैनी, तुमी खाली उतरा, न्हाईतर तुमचंबी धरलं जाईल त्यात." मग त्यानं विचारलं, "गाडी नंबर काय टाकू?" मी म्हणाले, "टाक, शिंगरी." त्यानं तसंच टाकलं. पावतीवर छापून आलं, शिंगरी, दोनशे साठ किलो. ती पावती मी स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या रविवारीही दोनशे साठ. मला वाटलं, जिंकलं. माझ्यासारखीनं मनावर घेतलं तर कमी घालणंही जमतं, असं नवऱ्याला फोनवर ऐकवलंसुद्धा. तिसऱ्या रविवारी दोनशे सत्तर. चौथ्या रविवारी पुन्हा सत्तर. पाचव्या रविवारी दोनशे ऐंशी. पायांची सूज जशीच्या तशी.

गवत मी स्वतः तोलून घालत होते, हरभरे मुठीनं मोजत होते. मग वजन वाढतं कशानं? कुणी तरी चोरून घालत होतं, आणि ते कोण हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. दिवसभर दारात बसून असतं कोण? खिशात बदाम असतात कुणाच्या? मी मामांना विचारलंही नाही, थेट सुनावलं. "मामा, तुमाला ती जल्मभर लंगडी पायजे का? आवं, माया हाय तर जरा कळ सोसा की." त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "बरं," एवढंच म्हणाले. मी बदामाचा डबा कपाटात कुलपात ठेवला. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून त्यांची बाज सोप्यातून उचलून मागच्या पडवीत नेऊन टाकली. तिथून त्यांना परसातलं शेवग्याचं झाड दिसायचं, शिंगरी दिसायची नाही. ती खिंकाळली की ते मान वळवायचे. मला दिसायचं, पण मी माझ्या हट्टाला पेटले होते.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर तपासायला आली. सकाळची वेळ, गल्लीत सगळीकडं भाकऱ्या थापल्याचे आवाज. तिला निदान खरं काय ते कळावं म्हणून मी मामांना हाताला धरून पुढं आणून बसवलं होतं. चोर साक्षीला हजर असावा, असाच माझा विचार होता. डॉक्टर कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "सांगा, हल्ली काय काय देता?"

मी सांगायला लागले. सकाळी इतकं गवत. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या, शिंगरीच्या तोंडात भाकरी दिली, तिच्या कपाळाला हात लावून पाया पडल्या आणि गेल्या. मी पुढं सांगितलं, दुपारी कडबा. पलीकडच्या घरातली सून आली, भाकरी दिली, गेली. दोन मुठी हरभरे, तेसुद्धा बिनगुळाचे. पोस्टमनची बायको आली. तिच्या भाकरीवर गुळाचा चांगला लिंबाएवढा खडा होता. दूध बंद, मॅडम, थेंबसुद्धा नाही. दोघी जावा मिळून आल्या, प्रत्येकीची वेगळी भाकरी, कारण चुली वेगळ्या. डॉक्टरचं पेन केव्हाच थांबलं होतं.

"हे काय चाललंय?" तिनं विचारलं.

"कुठं काय?"

"त्या बायका काय घालतायत हिला?"

"त्यो घास हाय," मी म्हणाले.

"कसला घास?"

"गाईचा."

"गाय कुठाय?"

मागून आणखी एक बाई आली आणि घास देऊन गेली. डॉक्टरनं मला विचारून विचारून घास देणारी घरं बोटांवर मोजून दाखवली. अकरा घरं, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे दिवसाला बावीस भाकऱ्या आणि वरचा गूळ. आणि त्यातली पहिली माझी. रोज न चुकता, दोन वेळा, माझ्याच हातानं. कागदावरचं सगळं मी तोलत होते, पण ही भाकरी तोलायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घास म्हणजे काही खाणं नव्हे, तो देवाचा मान. तो पोटात जातो आणि अंगाला लागतो, हा विचार आमच्या गल्लीत कुणाच्याच मनाला शिवला नव्हता.

डॉक्टर हसली नाही, हे तिचे उपकार. सूज दाबून बघितली, अजून वेळ आहे म्हणाली आणि गेली. मी मामांच्या बाजेजवळ खाली बसले.

"मामा, तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग मी एवढं बोलले, बाज उचलून मागं टाकली, तरी बोलला का न्हाई?"

ते शिंगरीकडं बघत म्हणाले, "पोरी, माझं गुडघं कुस्तीनं न्हाई गेलं. कुस्ती सुटली तवा गुडघं धडधाकट हुतं. मेहनत बंद झाली आन खुराक तसाच ऱ्हायला. अंग वाढत गेलं, वझं खाली गुडघ्यावर. डॉक्टर त्या वक्ताला बोलला हुता, पैलवान, खाणं तोडा. पण तुझी सासू ताट घिऊन पुढ्यात बसायची. तिच्या तोंडाकडं बघून मला कवा न्हाई म्हणता आलं न्हाई." मग म्हणाले, "तुझ्या तोंडाकडं बघूनबी न्हाई आलं. तू भाकरी घालायचीस तवा तुझं त्वांड बघितलंय मी. म्हटलं, ऱ्हाऊ दे, बोल माझ्यावर येतोय तर येऊ दे. पर चुकलंच. माझं असू दे, पोरी, तिचं पाय जायाला नगंत."

मी रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. पदरानं डोळे पुसले आणि आधी त्यांची बाज उचलून सोप्यात आणली, होती त्याच जागी, दाराकडं तोंड करून.

आता प्रश्न होता गल्लीतल्या बायांचा. घास नको म्हणणं सोपं नाही. ज्या बाईनं तीस वर्षं कुणाचं नको ऐकलं नाही, तिनं आपलं सोडून दहा घरी जाऊन आमच्या शिंगरीला नको म्हणून सांगायचं होतं. काकू फणकारल्याच. "आदीच घोडी उपाशी मारतीस, आन आता आमचा घासबी नगं झाला व्हय?" मी त्यांना शिंगरीपाशी आणलं आणि त्यांचा हात त्या गरम सांध्यावर ठेवला. काकूंनी हात मागं घेतला. मग म्हणाल्या, "मग घास टाकू कुठं? कुत्र्याला?"

तोड माझ्या डोक्यात तिथल्या तिथं आली आणि तिचा मला आजही अभिमान आहे. कालव्याच्या कडेनं आमच्या मळ्याकडं जाताना एका वस्तीवर अजून एक गावरान गाय आहे. तिथवर मऊ मातीची वाट. मी म्हणाले, "काकू, गाईचा घास गाईलाच द्यायचा. सगळ्यांच्या भाकऱ्या एका पाटीत घालू आन वस्तीवर जाऊ. जाताना शिंगरीला संगं न्यायची. तिला चालणं पायजेच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी निघालो. आठवड्यात सात झालो. पुढं डोक्यावर पाटी घेतलेल्या काकू, मागं दोर धरलेली मी, मध्ये शिंगरी, आणि तिचं सगळं लक्ष पाटीकडं. पहिले काही दिवस ती नाक वर करून काकूंच्या डोक्यावरची पाटी हुंगायची आणि काकू लगालगा पळायच्या. लोक रस्त्याला उभे राहून बघायचे. उसाला पाणी देणारा एक जण म्हणाला, "वरात कुणाची म्हणायची?" काकू त्याला म्हणाल्या, "तुझीच रं गड्या, घोडी घिऊनच आलोय." वस्तीवरच्या गाईचे दिवस पालटले. तिच्या मालकिणीला मी आधीच बजावून ठेवलं, की हिच्या वैरणीतलं तेवढं कमी कर बाई, एका चुकीवर दुसरी नको.

मामांनीही एक दिवस काठी उचलली. गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब आहे, तिथवर ते आमच्याबरोबर आले आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशीही आले. त्याच्या पुढं काही गेले नाहीत, पण तेवढं त्यांनी एकदाही चुकवलं नाही. आम्ही परत येईपर्यंत ते तिथल्याच कट्ट्यावर बसून असायचे. शिंगरीला ते लांबून दिसले की ती कान टवकारायची, आणि ते खिसे उलटे करून तिला रिकामे दाखवायचे.

भुईकाट्यावर दर रविवारी तीच पावती. दोनशे ऐंशी. पुन्हा ऐंशी. पुन्हा ऐंशी. काट्यावरचा माणूस वैतागून म्हणाला, "वैनी, काटा बिघडलाय का बघू?" मी म्हणाले, "काटा चांगला हाय, आमी सुधारलोय." आमच्या दाराच्या चौकटीवर मी तिच्या उंचीची खूण केली होती. ती चार बोटं वर गेली, आणि वजन जागच्या जागी. सांध्यावरचा गरमपणा आधी गेला, मग सूज उतरत गेली. एका सकाळी ती चारही पायांवर सारखी उभी होती. मी कामं टाकून तिथंच उभी राहिले. पाय उचलते का, याची वाट बघत होते. तिनं नाही उचलला.

बेंदराच्या आदल्या दिवशी डॉक्टर आली. दोन्ही सांधे दाबले, तिला पुढून-मागून चालवून बघितलं, आणि मग माझा हात धरून कुशीवर ठेवला. या वेळी तिनं काही विचारलं नाही. बोटांखाली बरगडी लागली. एक, तिच्याखाली दुसरी. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण हाताला सगळं कळत होतं. "पाय सरळ आहेत, काकू," डॉक्टर म्हणाली. "हे तुमच्या हाताचं काम." सासूबाईंनंतर माझ्या हाताबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. आणि सासूबाई बोलल्या होत्या ते घातल्याबद्दल.

बेंदराला तिला न्हाऊ घातलं, गळ्यात घुंगरांचा पट्टा बांधला, पाठीवर झूल टाकली. मारुतीच्या देवळापर्यंत मिरवणूक निघाली, चार बैलजोड्या आणि आमची शिंगरी. गर्दीतून कुणी तरी म्हणालं, "घोडी वाळली की ओ." आधीची मी असते तर घरी येऊन दोन दिवस जेवले नसते. मी त्याला जवळ बोलावलं. "हात लाव हितं. बरगडी लागती? लागायलाच पायजे. आता पाय बघ." तो वाकून पाय बघत राहिला. मामा त्या दिवशी खांबाच्या पुढं गेले. शिंगरीचा दोर एका हातात, काठी दुसऱ्या हातात, पार देवळापर्यंत. तिनंही आपली चाल त्यांच्या चालीला लावून घेतली. मिरवणूक आमच्यामुळं मागं रेंगाळली, पण कुणी घाई केली नाही.

बेंदराची पुरणपोळी जनावराला चुकत नाही. मी सुपारीएवढा तुकडा मोडला, तिच्या ओठांशी धरला. तिनं खाल्ला आणि माझा दुसरा हात हुंगला. मी दोन्ही तळवे उघडून दाखवले. तिनं ते नीट हुंगले, फुरफुरली आणि गवताकडं वळली.

मग मामांना पान वाढलं. पोळी, वर तूप, कटाची आमटी. त्यांनी सावकाश एक पोळी खाल्ली. मी नेहमीसारखी दुसरी घेऊन पुढं झाले. त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"नगं," ते म्हणाले.

एकदाच म्हणाले. मी पोळी परत डब्यात ठेवली आणि त्यांच्या शेजारी माझं पान वाढून घेतलं.